संस्थांचं सुतक

आमचे घरमालक विठोजीराव अण्णा संस्था वारली की डोक्यावरून आंघोळ करतात.

माणूस गेलं की करतात ते सगळेच करतात. हे संस्थेचं सांगतेय. परवा भर दुपारी मागच्या न्हाणीघरातून धबाधबा पाणी ओतल्याचा आवाज आला. मी वरच्या गॅलरीतून वाकून विचारलं, “अण्णा, कोण गेलं हो?” पंचा गुंडाळलेले अण्णा बाहेर आले, केस निथळत म्हणाले, “मागच्या गल्लीतलं शिवणाचं महिला मंडळ गेलं. दाराला कुलूप, कुलपाला गंज. छत्तीस वर्षांचं होतं गं. आज आमच्या घरात गोड नाही.”

गोड त्यांच्या घरात एरवीही नसतं. एकटा माणूस, सकाळी एकदा भात टाकतो आणि तोच रात्री ताकाबरोबर संपवतो. पण सुतक म्हटलं की जाहीर करायला हवं, असा त्यांचा हट्ट.

अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी घोड्यावरून बेंगळुरात आले. अण्णा ते अशा थाटात सांगतात की घोडा अजून चामराजपेटच्या नाक्यावर बांधलेला असावा. मी निपाणीची, नोकरीसाठी आलेली, त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत चार वर्षं भाड्यानं राहते. माझं नाव वैशाली, पण अण्णांनी पहिल्याच दिवशी मला ‘वैशालम्मा’ करून टाकलं. त्यांची मराठी आमच्या मराठीपेक्षा जुनी आणि मधेमधे कन्नडात पाय सोडून बसलेली. ‘स्वल्प थांब’, ‘सरी सरी’, ‘आय्यो’ हे त्यांचे स्वल्पविराम.

उभी हयात त्यांनी पालिकेच्या जन्ममृत्यू नोंदणीत काढली. निवृत्त झाल्यावर म्हणे हाताला चैन पडेना, म्हणून शहरातल्या सेवाभावी संस्थांचे जन्ममृत्यू लिहायला घेतले. लांबलचक वही, मोत्यासारखं अक्षर. संस्थेचं नाव, जन्म कधी, आणि प्रकृती. प्रकृतीचे चार प्रकार: धडधाकट, आजारी, अंथरुणाला खिळलेली, वारली. पाचवा एक प्रकार आहे, तो लाल शाईनं लिहायचा: भूत.

भूत म्हणजे जिचा फलक झळकतोय, छापील कागद आहेत, वर्षातून दोनदा पेपरात फोटो येतो आणि आत माणूस म्हणून नाही. “माणूस मेला की त्याचा फोटो भिंतीवर लागतो, बरोबर?” अण्णा चिडून विचारतात. “ही मेल्यावर पेपरात फोटो देतात! लाज नको?”

त्यांची तपासणीची रीत ठरलेली. सकाळी काखेत वही, हातात छत्री, आणि मिळेल त्या बसनं निघायचं. संस्थेच्या दारात उभं राहून कन्नडात आरोळी ठोकायची, “इद्दीरा?” म्हणजे ‘आहात का?’ आतून कुणी ‘ओ’ दिली तर आत. बसायचं नाही, कॉफी घ्यायची नाही, आधी तीन प्रश्न. काल कोण आलं होतं? त्याला काय दिलंत? आज कोण येणार आहे? बास. ध्येय काय, उद्दिष्टं काय, हे अण्णा चुकूनही विचारत नाहीत. “ध्येय मेलेल्या संस्थेचंही असतं, वैशालम्मा. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं असतं.”

एकदा ते माझ्याच ऑफिसच्या बाजूला, बेळ्ळंदूरला, एका उंच इमारतीतल्या फाउंडेशनमध्ये गेले. नाव सांगत नाही, उगाच नोकरी जायची. काचेचं दार, आत गारेगार, फुलदाणीत ताजी फुलं. स्वागताला बसलेल्या मुलीनं विचारलं, “अपॉइंटमेंट?” अण्णांनी विचारलं, “काल कोण आलं होतं?” पोरगी बिचारी प्रामाणिक. म्हणाली, “काल फोटोग्राफर आले होते, सर.” अण्णांनी तिथंच उभ्या उभ्या लाल पेन काढलं आणि लिहिलं: ‘भूत, वातानुकूलित.’

मी पोट धरून हसले. पण खरं सांगते, हसू जेमतेम घरी पोचेपर्यंत टिकलं. कारण मी स्वतः त्याच दुनियेत पगार घेते. आमच्या कंपनीत ‘सामाजिक जबाबदारी’ नावाचं खातं आहे आणि मी त्यात आहे. जबाबदारी म्हणजे काय, तर एका शनिवारी शंभर माणसांना एका रंगाचे टी-शर्ट घालायचे, होसकोटेच्या पुढे न्यायचं आणि झाडं लावायची. सलग तीन वर्षं आम्ही त्याच खड्ड्यांत झाडं लावली! पहिल्या वर्षीची जगली असती तर दुसऱ्या वर्षी जागा मिळाली नसती. हे मी मीटिंगमध्ये बोलले, तर साहेब म्हणाले, “पण सहभाग बघा ना, वाढतोय.” वाढतोय! झाड सोडून सगळं वाढतंय.

तर यंदा साहेबांच्या डोक्यात आलं की शहरातल्या सगळ्या सेवाभावी संस्थांचा नकाशा करायचा. किती आहेत, प्रकृती कशी आहे, प्रत्येकीला एक ठिपका. हिरवा म्हणजे निरोगी, पिवळा म्हणजे जेमतेम, लाल म्हणजे बंद. मी अण्णांना सांगितलं, तेव्हा ते इतके खूश झाले की पायरीवरच्या चपला उलट्या घालून रस्त्यावर गेले. “कुणीतरी मोजतंय शेवटी! माझी वही घेऊन जा गं. चौदा वर्षांचं काम आहे.”

मी वही ऑफिसला नेली. साहेबांनी दोन पानं चाळली, अक्षराचं कौतुक केलं आणि म्हणाले, “पण हे डिजिटल नाहीये.” मग कुठून तरी दहा मुलं-मुली आणली, कानाला फोन लावले आणि आठवडाभरात सगळ्या शहराची नाडी बघून झाली. वेबसाइट आहे का, ई-मेलला उत्तर येतं का, छापील अहवाल आहे का, जागेवर किती साहित्य आहे. काल कोण आलं होतं, हा प्रश्नच नाही! मी वही परत आणून दिली तेव्हा अण्णा फक्त “सरी” म्हणाले, म्हणजे ‘बरं’, आणि ती बंडीच्या आत ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग कमलक्कांना लाल ठिपका पडला.

कमलक्का आमच्याच गल्लीच्या टोकाला असतात. निवृत्त नर्स, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, चणीनं एवढ्याशा. लग्नाच्या एका छत्राच्या, म्हणजे आपल्या मंगल कार्यालयाच्या, मागे एक खोली आहे. तिथं त्यांचं रुग्णसाहित्य केंद्र चालतं. चाकाची खुर्ची, वॉकर, कुबड्या, पाठ वर करता येणारी खाट, हवेची गादी, बेडपॅन. घरात दुखणं आलं की यायचं, चिठ्ठीवर नाव, वस्तू आणि परत करायची तारीख लिहायची आणि घेऊन जायचं. चामराजपेटमध्ये असं घर सापडणार नाही जिथं कमलक्कांची एखादी वस्तू राहून गेली नाही. परत आलेली वस्तू त्या स्वतः फिनेलनं पुसतात. अण्णांच्या वहीत या केंद्रापुढे दरवर्षी एकच शब्द, ‘धडधाकट’, आणि त्याखाली दोन रेघा.

अशा केंद्राला लाल ठिपका कसा पडावा? एका शब्दामुळे. सर्व्हेवाल्या मुलीनं फोनवर विचारलं, “केंद्रात आत्ता किती साहित्य आहे?” कमलक्कांनी छाती फुगवून कन्नडात सांगितलं, “एल्ला खाली!” म्हणजे सगळं संपलं, एकूण एक वस्तू लोकांकडे गेली. मुलगी दिल्लीकडची. तिला त्यातला ‘खाली’ तेवढा कळला, हिंदीतला. रिकामं. तिनं शेऱ्यात ‘एल्ला खाली’ लिहिलं आणि रकान्यात शून्य टाकलं. वेबसाइट नाही, ई-मेल नाही, साहित्य शून्य. यंत्रानं निकाल दिला: बंद. आणि त्या वातानुकूलित भुताकडे चाळीस कोऱ्या चाकाच्या खुर्च्या प्लास्टिकच्या वेष्टनासकट गोदामात उभ्या होत्या, एकही कुणाच्या बुडाखाली गेलेली नव्हती. त्याला हिरवा ठिपका!

आणि त्या यादीवर सही कुणाची? माझी. न वाचता केलेली. आम्ही सीमेवरची माणसं, दोन्ही भाषा आईच्या दुधाबरोबर प्यायलेली. मी ती ओळ नुसती वाचली असती तरी कळलं असतं.

नकाशा जाहीर झाला आणि चारच दिवसांत छत्राच्या ट्रस्टचं पत्र आलं. ‘आपली संस्था बंद असल्याचे समजते. सबब खोली रिकामी करावी. शनिवारी सकाळी अकरा वाजता पाहणीस येत आहोत.’ ट्रस्टच्या सचिवांना ती खोली बरीच वर्षं हवी होती, लग्नातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या रचून ठेवायला. त्यांना आता कागद मिळाला.

पत्र घेऊन अण्णा माझ्या दारात आले. चार वर्षांत पहिल्यांदा जिना चढून.

“सही तू केलीस?”

“केली, अण्णा.”

“आय्यो! अगं, कोपऱ्यावरचा हॉटेलवाला सकाळी दहा वाजता ‘इडली खाली’ म्हणून ओरडतो. तेव्हा हॉटेल मेलं म्हणतेस तू? इडली खाली झाली म्हणजे लोकांच्या पोटात गेली! ज्याची इडली संध्याकाळपर्यंत पातेल्यात बसून राहते त्याला हिरवा ठिपका देणार तुम्ही? खुर्च्या खाली म्हणजे खुर्च्या माणसांखाली आहेत! एवढं कळत नाही तुमच्या मशिनला? जिवंत बाईच्या नावानं आंघोळ करायची पाळी आणलीस माझ्यावर!”

मला रडू आलं. ते बघून अण्णा आणखी चिडले. “रडू नको. रडून खोली मिळत नाही.”

मी तोडगा काढला. शनिवारपुरत्या आठ-दहा वस्तू लोकांकडून परत आणू, खोलीत मांडू, पाहणी झाली की पोचवून देऊ. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जागच्या जागी एवढीशी झाले. “कुणाला उठवणार खुर्चीवरून? नाव सांग. त्याच्यासमोर जाऊन तू म्हण, की जरा जमिनीवर बसा, साहेब येणार आहेत.”

शेवटी ठरलं, चिठ्ठ्याच दाखवायच्या. वस्तू कुठं कुठं आहेत त्याचा तोच पुरावा. शुक्रवारी ऑफिसला दांडी मारून मी कमलक्कांच्या समोर स्टुलावर बसले आणि बिस्किटांच्या डब्यातल्या चिठ्ठ्या एकेक काढून तारखेप्रमाणे लावायला लागले. बहुतेक या दोन-चार महिन्यांतल्या. कुणाचा खुबा मोडलेला, कुणाला पक्षाघात, कुणी बाळंतपणानंतर उठू न शकलेली. आणि डब्याच्या तळाशी एक पिवळी पडलेली चिठ्ठी निघाली. मोत्यासारखं अक्षर. ‘चाकाची खुर्ची, एक. रुग्ण: सौ. सुभद्राबाई.’ खाली सही, विठोजीराव. परत करायची तारीख कोरी. आणि वर्ष चौदा वर्षांपूर्वीचं.

माझं डोकंच फिरलं. “हे बघा! दुनियेला शिकवत फिरतात, कोण जिवंत, कोण भूत! आणि स्वतः चौदा वर्षं खुर्ची दाबून बसलेत? त्यांची बायको, सुभद्राबाई, जाऊनही नऊ वर्षं झाली म्हणतात. एवढ्या वर्षांत किती पेशंटना मिळाली असती ती!”

“हळू बोल, पोरी,” कमलक्का म्हणाल्या. “मी मागितली नाही.”

“का नाही मागितली?”

“तो निवृत्त झाला त्याच वर्षी तिचे पाय गेले. घरात बसून कावली होती. मग रोज सकाळी तो तिला या खुर्चीत घालून बाहेर काढायचा. देवळात जायचं नाही म्हणायची, तिथं देवाकडे काय मागावं कळत नाही. म्हणायची, जिथं माणसं कुणासाठी तरी काही करतात तिथं न्या मला. असा तो तिला सगळ्या पेठेतल्या संस्था दाखवत फिरायचा. दारातून ‘इद्दीरा’ म्हणून हाक तीच मारायची. याचं तोंड कुठं उघडायचं तेव्हा! वही तिनंच घ्यायला लावली. माझ्या नावापुढच्या त्या दोन रेघा आहेत ना, पहिल्यांदा तिनं मारल्या.” कमलक्कांनी चिठ्ठी हातात घेऊन सरळ केली. “ती गेली तेव्हा तो दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन इथपर्यंत आला होता. मी खिडकीतून बघितलं. बाहेर थोडा वेळ उभा राहिला आणि घेऊन परत गेला. मी कुठल्या तोंडानं मागू?”

मागं चाहूल लागली. दारात अण्णा उभे होते, हातात आमच्यासाठी आणलेला वड्यांचा पुडा. किती ऐकलं देव जाणे. पुडा टेबलावर ठेवला आणि निघून गेले.

शनिवारी सकाळी साडेदहाला मी केंद्राच्या दारात उभी होते. लांबून गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. अण्णा रस्त्याच्या मधून खुर्ची ढकलत येत होते. फूटपाथच्या फरश्या उखडलेल्या, त्यावरून चाक जाईना, म्हणून रिक्षावाल्यांना शिव्या घालत चक्क रस्त्यातून. खुर्ची लख्ख पुसलेली. चाकांना तेल दिलेलं. निळ्या चौकडीच्या कापडाची गादी धुऊन इस्त्री केलेली. रिकाम्या खोलीच्या मधोमध ती ठेवून ते कमलक्कांना म्हणाले, “परत करतोय. उशीर झाला.”

कमलक्का म्हणाल्या, “सरी.” आणि चिठ्ठीवर तारीख लिहिली.

अकराला ट्रस्टचे सचिव आले, सोबत माझे साहेब, नकाशा त्यांचा म्हणून बोलावलेले. सचिवांनी खोलीभर नजर फिरवली. “एवढंच? एक खुर्ची?” मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे केला, एकेक नाव वाचून दाखवायला लागले. त्यांनी हात वर केला. “कागद काय, कुणीही लिहील. आम्ही जे दिसतं ते बघणार.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. एक बाई धावत आली, केस विस्कटलेले, हातात दवाखान्याची पिशवी. वडिलांना दवाखान्यातून नुकतंच सोडलं होतं, ते रिक्षातच होते, मांडीचं हाड मोडलेलं, रिक्षातून उतरवायचं कसं ते कळत नव्हतं. “खुर्ची मिळेल का, अक्का?”

कमलक्कांनी अण्णांकडे बघितलं. खोलीत दाखवायला होती ती एवढी एकच वस्तू. साहेब माझ्या कानाशी लागले, “पाहणी होईपर्यंत दहा मिनिटं थांबवा ना त्यांना.”

अण्णांनी ऐकलं. “दहा मिनिटं? त्या रिक्षात जाऊन बसा तुम्ही दहा मिनिटं, मोडका पाय घेऊन!”

आणि त्यांनी स्वतः खुर्ची फाटकापर्यंत नेली. म्हाताऱ्यांना दोघांनी मिळून उचलून बसवलं. अण्णांनी खाली वाकून पाय ठेवायची पट्टी बसवली, गादी मागे सारखी केली. मग त्या बाईला समजावलं, “डावीकडचा ब्रेक स्वल्प घट्ट आहे. जोर लावू नका, हळू दाबा. उतारावर खुर्ची उलटी फिरवून न्यायची, म्हणजे तिला भीती वाटत नाही.” मग खुर्चीचा दांडा सोडला. “त्यांना. त्यांना भीती वाटत नाही.”

खुर्ची गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली. खोली आता खरोखर रिकामी होती. सचिव भिंतीकडे बघत उभे. मग ते घसा खाकरून कमलक्कांना म्हणाले, “एखादा वॉकर... कधीपर्यंत मिळू शकेल? सासूबाईंना हवा होता.”

“नाव लिहून जा,” कमलक्का म्हणाल्या. “तुमच्या आधी पाच जण आहेत.”

सचिवांनी नाव लिहिलं. खोलीचा विषय पुन्हा काढला नाही, पत्र घडी करून खिशात घातलं. साहेबांनी तिथंच फोन काढला, दोनदा बोट टेकवलं आणि मला दाखवलं. ठिपका हिरवा! मला आनंद व्हायला हवा होता, पण असा संताप आला की विचारू नका. दोन बोटांचं काम होतं आणि त्यापायी एक म्हातारी पत्र आल्यापासून धड जेवली नव्हती.

सगळे गेले. अण्णा फाटकापाशीच उभे होते, खुर्ची गेली त्या बाजूला तोंड करून. मी जवळ जाऊन म्हटलं, “अण्णा, शुक्रवारी मी जे बोलले ते...”

“खरंच बोललीस. नऊ वर्षं कुणाची तरी खुर्ची मी अडवून ठेवली. रोज पुसत होतो, एवढंच.” फाटकाची कडी लावत पुढे म्हणाले, “सकाळी खिडकीपाशी जागा मोकळी झाली ना, घरात थांबवेना मला. आताही एकट्यानं जायचं जिवावर आलंय. तू येतेस का? स्वल्प वेळ बस तिथं.”

चार वर्षं मी त्या माणसाच्या डोक्यावर राहते. भाडं, नळ, कचरा, सगळी बोलणी पायरीवर झाली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचा उंबरा ओलांडला आणि खिडकीपाशी जमिनीवर बसले. अण्णांनी कॉफी केली. मग ते सुभद्राबाईंबद्दल बोलायला लागले, आणि रस्त्यावरचे दिवे लागले तरी थांबले नाहीत.